पाणंद आराखड्यात बसत नाही

"पाच टाका की मॅडम, पोराला चांगले मार्क पडू द्या."

हे म्हणणारे बाबा सत्तरीच्या पुढचे, बाजेवर मांडी घालून बसलेले, आणि मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीत टॅब सांभाळत. प्रश्न असा होता की गावाचा शेतीचा आराखडा आणि बजेट ठरवताना तुमचा सहभाग कितपत होता, १ ते ५ मध्ये सांगा. बाबांना वाटलं गावात तीन वर्षं जो कार्यकर्ता पोरगा यायचा त्याची परीक्षा चाललीय आणि मी पेपर तपासायला आलेय. एका अर्थी बरोबरच होतं म्हणा. मी विचारलं, बाबा तुम्ही मीटिंगला होतात का? तर नाही, तेव्हा सून दवाखान्यात होती, पण पोरगं लई गुणाचं, माझ्या मोबाईलमध्ये हवामानाचं टाकून दिलं त्यानं. आधीच्या प्रश्नाला आतून कोणीतरी "आमच्या घरचं गेलतं की एकजण" असं ओरडून सांगितलेलं, त्यामुळे ॲप पुढं सरकलेलं आणि आता त्याला १ ते ५ मधलं काहीतरी पाहिजेच होतं. टाकले पाच.

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे, आज जमतंय.

प्रकल्पाचं नाव, संस्थेचं नाव, गावांची नावं काहीच देत नाही, माणसं ओळखीची आहेत आणि वाईट तर अजिबात नाहीत. मराठवाड्यातले दोन तालुके, बारा गावं. कल्पना अशी की शेतकऱ्यांनी एकत्र बसून गावाचा शेतीचा आराखडा करायचा, त्यातलं जे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालता येईल ते तिथं घालायचं, बाकीचं पंचायत समितीला आणि कृषी खात्याला द्यायचं, आणि पुढच्या वर्षी बघायचं की त्यातल्या कशाला पैसे पडले. तीन वर्षं चाललं, पैसे देणाऱ्यांनी शेवटी मूल्यमापन लावलं आणि त्या टीममध्ये मी. परभणीला ॲग्री केलेलं, घरी शेती, त्यामुळे "फिल्डचं तुम्ही बघा" हे वाक्य माझ्या वाट्याला कायम येतं. एक्सेल बघणारे वेगळे असतात, त्यांची गाडी एसी असते.

कागदावर ही गोष्ट आपल्याकडे अजिबात नवी नाही. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली तेव्हापासून गावानं आपलं नियोजन आपण करायचं असं म्हणतोय. 'आत्मा' या कृषी विस्ताराच्या योजनेत तालुक्याला शेतकऱ्यांची सल्लागार समिती असते. २०१५ ला १४ व्या वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला लागले आणि 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणून भिंती रंगल्या. म्हणजे शेतकऱ्याला विचारा असं कोणीच नाकारत नाही, विचारून झाल्यावर त्या उत्तराचं काय होतं एवढंच कोणी बघत नाही, आणि मला वाटत होतं की आपलं काम नेमकं तेच आहे. पण टॅबमधल्या ६४ प्रश्नांत ते कुठंच नव्हतं. मीटिंग किती झाल्या, माणसं किती आली, बायका किती, समाधानी आहात का, हेच फिरवून फिरवून.

तर सुरुवात रजिस्टरापासून. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात, नाही जमली तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हे ज्याला माहीत आहे त्याला रजिस्टर वाचता येतं. एका गावात रजिस्टरात ११२ सह्या, त्यात सलग तीन पानांवर एकच निळं पेन आणि अंगठ्यांची शाई एकसारखी. मी काही बोलले नाही, संस्थेची खर्चाची फाईल मागितली. त्याच दिवसाचं चहाचं बिल ४० कपांचं. बघा, चहाच्या बिलात कोणी कमी लिहीत नाही, लिहिलंच तर जास्त लिहितं, त्यामुळे ११२ आणि ४० मधलं कुठलं खरं हे कळायला काही संख्याशास्त्र लागत नाही. उरलेल्या सह्या शिपायानं घरोघरी जाऊन घेतलेल्या. आणि त्याच्यावरही मला राग धरवत नाही, कारण मीटिंग ठेवली होती दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीन काढणीच्या ऐन मध्यात, का तर पैसे देणाऱ्यांचा तिमाही रिपोर्ट होता.

दुसऱ्या आठवड्यात मी ठरवलं की टॅब तर भरायचाच, पण प्रत्येक गावात एक मागणी पकडायची आणि ती कुठवर गेली ते कागदोकागदी बघायचं. इतिवृत्तात आहे का, तिथून आराखड्यात आली का, आराखड्यातून ठरावात, ठरावातून प्रस्तावात, प्रस्तावाला पैसे पडले का, पडले तर ती वस्तू जमिनीवर आहे का. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे पैसेही मिळणार नव्हते.

पहिल्याच गावात पाणंद सापडली.

म्हणजे इतिवृत्तात सापडली, जमिनीवर नाही. पहिल्या वर्षीच्या बैठकीत लोकांनी प्राधान्यक्रम लावलेला, एक नंबरला पाणंद रस्ता (शिवारात शेतांकडं जाणारी वाट), दोनला रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायी) तारेचं कुंपण, तीनला दिवसा लाईट. आणि अंतिम आराखडा उघडला तर शेततळी, ठिबक, माती परीक्षण, बीजप्रक्रियेचं प्रशिक्षण. पाणंद गायब, रानडुकरं गायब, लाईट गायब. मी त्या गुणाच्या पोराला फोन लावला (हा तोच, बाबांचा), तो म्हणाला, मॅडम ती शेतीत बसत नाही. मी म्हटलं पाणंद शेतीत नाही बसत तर कशात बसते रे? तो म्हणाला, माझ्याकडं जो फॉरमॅट होता त्यात मृदा-जलसंधारण, पीक, पशुधन आणि प्रशिक्षण असे चार रकाने होते, मी विचारलं होतं वर, ते म्हणले जे रकान्यात बसतंय ते घ्या.

ज्यांची मागणी होती त्या काकांच्या शेतात गेले. गेले म्हणजे अर्ध्यात गाडी ठेवून चालत गेले, चप्पल हातात. काळी जमीन, पाऊस होऊन चार दिवस झालेले तरी पाय घोट्यापर्यंत आत. काका म्हणाले, ऑक्टोबरात सोयाबीन काढून गंजी लावतो आम्ही, मग पाऊस आला की ना ट्रॅक्टर येतो ना मळणी यंत्र, गंजी तिथंच काळी पडती. एका वर्षी माणसं लावून डोक्यावरनं सडकेला आणलं, मजुरी देता देता काय उरलं ते विचारू नका. आणि मग एकदम हसले, म्हणाले, "मला शेततळं मंजूर करा म्हणत्यात. आवो पण पोकलेन आत कुठनं आणू, हेलिकॉप्टरनं?"

मग मी त्या पाणंदीच्या मागं लागले. ग्रामपंचायतीत विचारलं. ग्रामसेवक भला माणूस, त्यानं हिशोब मांडून दाखवला. १५ व्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के बांधलेला, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, राहिला ४० टक्के, त्यात शाळेची दुरुस्ती, अंगणवाडी, गल्लीतला पेव्हर ब्लॉक आणि प्रत्येक वॉर्डातल्या मेंबरचं एकेक काम. शिवारातल्या रस्त्याला त्यातून मुरूमसुद्धा पुरत नाही. रोजगार हमीतून करा म्हणावं तर तिथं मजुरी आणि साहित्याचं ६०:४० चं गणित, आणि काळ्या मातीतला रस्ता म्हणजे सगळा खेळ खडी-मुरुमाचा, मजुरीचा नाही. म्हणूनच तर २०२१ मध्ये राज्य सरकारनं मातोश्री पाणंद रस्त्यांची वेगळी योजना आणली, पण तिच्यासाठी आधी पाणंद मोकळी पाहिजे, आणि या पाणंदीवर दोघांनी बांध कोरत कोरत आत घेतलेला. म्हणजे आता तहसील. महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो, १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, अडवलेला रस्ता त्यातून मोकळा करता येतो, पण अर्ज करणारा आणि अडवणारा चुलतभाऊ आहेत, अर्ज कोण करणार.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं पाणंद ही एक गोष्ट. सरकारच्या दृष्टीनं ती चार टेबलांवर कापून ठेवलेली. आणि जो प्रकल्प मुळात शेतकऱ्याचं म्हणणं या टेबलांपर्यंत न्यायला निघाला होता त्याच्या फॉरमॅटमध्ये पाचवं टेबल तयार झालेलं, चार रकान्यांचं.

हेच ठिबकचं. आराखड्यात लिहिलंय की अमुक इतक्या शेतकऱ्यांना ठिबक, गावानं बसून यादी केलेली, कोणाला जास्त गरज आहे ते ठरवून, नाल्याच्या वरच्या अंगाच्या विहिरवाल्यांना आधी. चांगलं काम होतं ते, खरंच. पण अनुदान मिळतं महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वैयक्तिक अर्ज केल्यावर. तेव्हा तिथं लॉटरी निघायची, आता आधी येईल त्याला आधी असं झालंय, दोन्हीतलं काहीही असलं तरी त्या कॉम्प्युटरला गावाच्या यादीचा पत्ताच नसतो. एका गावात यादीतल्या पहिल्या दहापैकी एकाचा नंबर लागला आणि यादीत नसलेल्या तिघांचा. मग दुसऱ्या वर्षी यादी करायला माणसं आली नाहीत. यावर आमच्या प्रश्नावलीचं म्हणणं काय, तर "दुसऱ्या वर्षी उपस्थिती घटण्याचे कारण: १. जनजागृतीचा अभाव २. वेळेचा अभाव ३. इतर". मी इतर टाकत गेले.

आणि शेतकरी म्हणजे कोण हा अजून एक घोळ. सॅम्पलची यादी सातबाऱ्यावरून काढलेली. ज्यांच्या नावावर जमीन ते शेतकरी. त्यातले काहीजण पुण्यात नोकरीला, एकजण तर मला फोनवर म्हणाला, अहो मला आमचा गट नंबरपण पाठ नाही. त्याची जमीन जो ठोक्यानं करतो तो शेजारच्याच घरात राहतो, सगळं तोंडी, कागद काही नाही, तो ना यादीत ना मीटिंगमध्ये. बायकांचं तर विचारूच नका. १९९२ ला लक्ष्मीमुक्तीचा निर्णय झाला, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं, तीस वर्षं उलटून गेली, तरी मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बऱ्याच जणींना आपलं नाव आहे का नाही हेच माहीत नव्हतं. एक मावशी निंदताना मान वर न करता म्हणाली, "मी शेतकरी न्हाई बाई, मी नुस्ती शेतात काम करती." मी ते टॅबमध्ये कुठल्या रकान्यात टाकू? वहीत लिहून घेतलं.

आता एवढं वाचून वाटेल की सगळं फोलच होतं. तसं नाही, आणि म्हणूनच हे लिहायला घेतलं.

सातव्या का आठव्या गावात मला एकच किस्सा पाच घरांत ऐकायला मिळाला, दरवेळी हातवाऱ्यांसकट. शाळेच्या पटांगणात रांगोळीनं शिवाराचा नकाशा काढलेला आणि पाण्याचा ताळेबंद चाललेला. पोकरा हा राज्य सरकारचा हवामान-अनुकूल शेतीचा प्रकल्प २०१८ ला सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या बऱ्याच गावांना ताळेबंद हा शब्द ओळखीचा झालाय, आणि हिवरे बाजार तर त्याच्याही आधीपासून दरवर्षी ग्रामसभेत पावसाचा हिशोब मांडतं, पिण्याचं बाजूला काढतं आणि मग रब्बीत काय पेरायचं ते ठरवतं, ऊस-केळी नाही, शेतीला बोअर नाही. तर इथं कार्यकर्त्यानं फळ्यावर लिहिलं, एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. गावाचं क्षेत्र धरा ९०० हेक्टर, पाऊस झाला ७०० मिलिमीटर, म्हणजे ६३० कोटी लिटर. सगळे गप्प. एवढं पाणी पडतं तर एप्रिलात टँकर का लागतो? मग वाहून किती जातं, उडून किती जातं, मातीत किती राहतं, पिकं किती पितात, असं करत करत विहिरी आणि बोअरवर आले. त्यानं तलाठ्याच्या नोंदीतून आणलेला आकडा वाचला, गावात ९ बोअर.

मागून कोणीतरी ओरडलं, "नऊ? नऊ तर आमच्या भावकीतच हायेत!"

आणि मग जे सुरू झालं ते दोन तास थांबलं नाही. एकानं दुसऱ्याचं बोअर मोजायला लावलं, त्यानं तिसऱ्याचं. एकजण म्हणाला माझं फेल गेलंय, मोजू नका, तर त्याचीच वहिनी बायकांतून उठून म्हणाली, फेल गेलंय तर टरबूज कशावर काढलं भाऊजी? तिला सगळं माहीत होतं, कोणाची मोटर रात्री किती तास चालते, कारण रात्रपाळीच्या लाईटला बारं (पिकाला पाणी) द्यायला नवऱ्याबरोबर बॅटरी घेऊन तीच जाते. शेवटी आकडा साठाच्या वर गेला. त्या वर्षी पाऊसही ओढून धरलेला. त्या रात्री मारुतीच्या पारावर ठरलं की पिण्याच्या विहिरीच्या अंगाला, नाल्याच्या वर, कोणी उन्हाळी भुईमूग टाकायचा नाही, रब्बीला हरभरा घ्यायचा, एखाद-दुसऱ्या पाण्यावर निघतो. दोघांनी मोडलं, एकाशी गाव अजून नीट बोलत नाही. पण टँकर दरवर्षीपेक्षा उशिरा लागला असं सगळेच म्हणाले, अगदी ज्यानं मोडलं तोही.

माझ्या मते बारा गावांत तीन वर्षांत घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही. ज्या मीटिंगचा किस्सा लोक तुम्हाला न विचारता सांगतात तिथं लोक खरंच होते, त्याला रजिस्टर लागत नाही. आणि ते आले का, तर तिथं जे ठरवायचं होतं ते त्यांच्या हातातलं होतं. आपल्या बोअरची मोटर आपण बंद करायची, त्याला ना प्रस्ताव ना लॉटरी ना मार्च एंड.

रिपोर्टमध्ये या गावाला काय मिळालं? अर्थसंकल्पीय प्रभाव: शून्य. कारण एक रुपयाही इकडचा तिकडं झाला नाही. निर्देशक असा होता की आराखड्यातल्या किती कामांना निधी मिळाला, आणि भुईमूग न पेरायला निधी लागत नाही.

यावरून माझं आणि टीम लीडर सरांचं फोनवर चांगलंच वाजलं. सर वाईट नाहीत, त्यांचं म्हणणं, अगं आपल्याला टर्म्स ऑफ रेफरन्समध्ये जे दिलंय तेच मोजायचं, तू पाणंदीवर कादंबरी लिहितेस. मी म्हटलं सर, लोकांनी मागितलेल्यातलं आराखड्यात किती आलं आणि आराखड्यातलं जमिनीवर किती आलं, एवढं एक कोष्टक टाका, बाकी काढा. ते म्हणाले, सॅम्पल किती, बारा मागण्या, त्यावर काय निष्कर्ष काढणार. आकड्याच्या दृष्टीनं ते बरोबर आहेत हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून जास्त चिडले. शेवटी कोष्टक गेलं, परिशिष्टात, लहान अक्षरात. मुख्य भागात सहभागाचा सरासरी गुणांक आला, पाचपैकी चाराच्या थोडा खाली, शेरा "समाधानकारक". त्या गुणांकात बाबांचे पाच आहेत.

मी सरांना केरळचं उदाहरण दिलं होतं. १९९६ ला तिथं लोकयोजना सुरू झाली तेव्हा सरकारनं आधी जाहीर केलं की योजनेच्या पैशातला ३५ ते ४० टक्के स्थानिक संस्थांना, आणि मग लोकांना सांगितलं बसा, ठरवा. तिथंही सगळं गोड झालं नाही, पुढं सरकारं बदलली, उत्साह ओसरला. पण आधी पाकीट उघडून दाखवलं, मग विचारलं काय घ्यायचं. आपण आधी विचारतो, फोटो काढतो, आणि पाकीट कोणाच्या खिशात आहे ते आपल्यालाच माहीत नसतं. सर म्हणाले, हे रेकमेंडेशनमध्ये टाकूया. एक ओळ आली, "निधीच्या उपलब्धतेबाबत पूर्वमाहिती देणे उपयुक्त ठरेल".

काकांना मी मध्यंतरी फोन केला होता. पाणंद तशीच आहे. तहसीलला अर्ज मात्र गेलाय, त्यांनी नाही, त्यांच्या सुनेनं दिलाय, चुलतसासऱ्याशी तिला फार देणंघेणं नाही म्हणे. तारीख पडलीय.

आणि गेल्या वर्षी आमच्या स्वतःच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ग्रामसभेची नोटीस आली, १५ ऑगस्ट, सकाळी, झेंडावंदन झाल्यावर, विषय क्रमांक चार पुढच्या वर्षीचा आराखडा. मी लगेच अण्णांना फोन लावला, अण्णा या वेळी जा बरं का, आपल्या ओढ्यावरच्या सीडी वर्कचं (मोरीचं) बोला, इतिवृत्तात लिहून घ्या, वाचून दाखवायला लावा. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंधराला? कसं गं जमतंय, दोन दिवस उघाड दिलीय, सोयाबीनवर फवारा मारायचाय. शिपाई येतो की रजिस्टर घेऊन घरी."